दोरी हवेत फिरवून मासा पकडतात, ते काय असतं? डोंगरातल्या ट्राउटची आणि त्याच्या नियमांची माहिती



बंदीचे दिवस चालू आहेत. होड्या वर घेतल्यात, जाळी विणायची-सांधायची कामं चालू आहेत, आणि मोबाईल बघायला थोडा जास्त वेळ मिळतोय. या दिवसांत एकच प्रश्न आमच्याकडे तीन-चार जणांनी विचारला. डोंगरातल्या नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहून माणूस लांब दोरी डोक्यावरून पुढे-मागे फिरवतो, हातभर मासा काढतो आणि परत पाण्यात सोडून देतो. हा काय प्रकार?

पोटासाठी मासे मारणाऱ्याला हे बघून हसू येणारच. पण या प्रकारावर हिमाचल आणि काश्मीरमधल्या कित्येक घरांची चूल पेटते, आणि ती कशी पेटते हे आपण समजून घेण्यासारखं आहे. म्हणून आज थोडी सविस्तर माहिती देतो.

फ्लाय म्हणजे काय?

याला फ्लाय फिशिंग म्हणतात. फ्लाय म्हणजे माशी. पण गरीला खरी माशी लावत नाहीत. छोट्या गरीवर दोरा, पीस, लोकर, प्राण्याचे केस गुंडाळून किड्यासारखा आकार करतात. आपले काही जण इसवणीला प्लॅस्टिकचा खोटा मासा लावून होडीमागे ओढतात ना, तसंच हे खोटं आमिष. फरक एवढाच की ते वजनदार असतं, आणि हे इतकं हलकं की फुंकर मारली तर उडेल.

ही कला नवीन नाही. एलियन नावाच्या रोमन लेखकाने साधारण १८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की मॅसिडोनियाचे लोक गरीला लाल लोकर गुंडाळतात, वर कोंबड्याची दोन पिसं बांधतात आणि नदीतले ठिपकेवाले मासे पकडतात.

पिसांवरून आपल्या जवळची एक गोष्ट सांगतो. आपल्या सह्याद्रीच्या रानात जो राखी रानकोंबडा आहे, त्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे चकचकीत ठिपके असतात. पाण्यात ते बारक्या माशाच्या डोळ्यासारखे दिसतात. इंग्लंड-स्कॉटलंडचे गरवणारे या पिसांसाठी जीव टाकायचे आणि आपल्याकडून ती परदेशी जायची. आज हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला मारणं आणि त्याची पिसं विकणं गुन्हा आहे. रानाजवळ राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे लक्षात ठेवावं.

वजन गरीला नाही, दोरीला

आपण गरवायला बसतो तेव्हा तंगूसला शिसं बांधतो. फेकताना शिसं पुढे जातं आणि तंगूस त्याच्या मागे ओढला जातो. फ्लायला वजनच नाही, मग ती १०-१५ मीटर लांब जाणार कशी?

इथे उलटा हिशोब आहे. शिशाचं काम दोरी करते. ही दोरी जाड असते, वरून प्लॅस्टिकचा थर दिलेला असतो, लांबी साधारण २५ ते ३० मीटर. तिच्या टोकाला अडीच-तीन मीटर तंगूस असतो, तो पुढे पुढे बारीक होत जातो. शेवटचा भाग ०.१५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे केसापेक्षा थोडाच जाड. त्याच्या टोकाला फ्लाय. काठी साधारण ८ ते ९ फूट, लवचिक.

माणूस काठी मागे नेतो तेव्हा दोरी मागे हवेत सरळ होते. ती पूर्ण सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचं. मग काठी पुढे आणून झटकन थांबवायची. दोरीच्या वजनाने काठी धनुष्यासारखी वाकलेली असते, ती सुटते आणि दोरी पुढे उलगडत जाते. शेवटी फ्लाय पाण्यावर अलगद बसते. नवखा माणूस मागे थांबत नाही, घाई करतो. मग दोरी डोक्याभोवती गुंडाळते, नाहीतर गरी मागच्या झाडाला लागते. यात ताकद लागत नाही, वेळ साधावी लागते. पागेर फेकणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल. नुसत्या जोराने पागेर कधी गोल पडत नाही.

ट्राउट कुठे उभा असतो?

ट्राउट हा वाहत्या, स्वच्छ, थंड पाण्यातला मासा. तो तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला करून एका जागी उभा राहतो आणि पाणी खायला घेऊन येईल त्याची वाट बघतो. पण जोराच्या पाण्यात उभं राहिलं तर मिळालेलं अन्न पोहण्यातच खर्च होणार. म्हणून तो अशी जागा धरतो जिथे स्वतः संथ पाण्यात आणि शेजारून वेगाचं पाणी अन्न घेऊन जातंय. मोठ्या दगडाच्या मागे-पुढे, काठाच्या कपारीत, दोन प्रवाह मिळतात त्या रेषेवर, खोल डोहाच्या तोंडाशी. आपले तांडेल समुद्राचा रंग आणि पाण्याची ओढ बघून जाळी कुठे टाकायची ते ठरवतात, तसंच हे नदी वाचणं.

मासा वर तोंड करून असल्यामुळे गरवणारा खालच्या बाजूने, मागून जातो. वाकून, हळू, दगड न वाजवता. पाण्याखालून माशाला वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. माणूस जितका खाली आणि लांब, तितका तो त्या खिडकीबाहेर राहतो. पाण्यावर सावली पडली की खेळ खलास.

त्याचं मुख्य खाणं म्हणजे नदीतले किडे. मेफ्लाय नावाचा एक किडा आहे. त्याची अळी दगडाखाली काही महिने, कधी वर्षभर राहते. मग वर येते, पंख फुटतात, अंडी घालते आणि काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत मरते. ट्राउट तिला दगडाखालून सुटली तिथपासून पाण्यावर मरून पडेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर खातो. म्हणून फ्लायही वेगवेगळ्या असतात. काही पाण्यावर तरंगणाऱ्या, काही बुडणाऱ्या, अळीसारख्या. बहुतेक खाणं पाण्याखालीच चालतं, त्यामुळे बुडणारी फ्लाय जास्त वेळा लागू पडते. पण मासा वर येऊन तरंगती फ्लाय घेतो ते बघायला मजा, म्हणून हौशी लोक तिच्यासाठी तासन्‌तास उभे राहतात.

यात खरी अडचण वेगळीच. फ्लाय प्रवाहाच्या वेगानेच वाहिली पाहिजे. मधल्या वेगवान पाण्याने दोरी ओढली की फ्लाय पाण्यावर रेघ काढत सरकते. खरा किडा असा सरकत नाही. मासा बघतो आणि सोडून देतो. म्हणून दोरी टाकल्यावर लगेच ती उचलून प्रवाहाच्या वर ठेवतात, म्हणजे फ्लायला थोडा वेळ मोकळं वाहता येतं.

हा मासा इथला नव्हे

ट्राउट मूळचा भारतातला नाही. साहेबाने स्वतःच्या हौसेसाठी आणला. डोंगरात राहायला गेलेल्या इंग्रजांना आपल्या गावच्या नदीसारखं गरवायचं होतं.

पहिले प्रयत्न दक्षिणेत निलगिरीवर झाले. फ्रान्सिस डे या मासेतज्ज्ञाने १८६३ मध्ये प्रयत्न केला, तो फसला. अंडी बोटीने उष्ण समुद्रातून आणायची म्हणजे बर्फ टिकवणं हीच लढाई. निलगिरीवर जम बसला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एच. सी. विल्सन यांच्या काळात, अॅव्हलांच इथल्या अंडी उबवणी केंद्रातून. तिथे रुजला तो इंद्रधनुषी म्हणजे रेनबो ट्राउट.

काश्मीरमध्ये श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारा फ्रँक मिचेल हा स्कॉटिश माणूस यामागे होता. १८९९ मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्डने पाठवलेली अंडी वाटेतच मेली. १९०० मध्ये दुसरी खेप जिवंत पोचली. श्रीनगरजवळ हारवनला केंद्र झालं आणि तिथून तपकिरी म्हणजे ब्राऊन ट्राउट काश्मीरच्या नद्यांत गेला. पुढे १९०९ मध्ये हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याने कुलू खोऱ्यात कटराईनजवळ महिली इथे केंद्र काढून बियास नदीत मासे सोडले. आज हिमाचलात तीर्थन, सैंज, बरोटची ऊहल, रोहडूची पब्बर, आणि काश्मीरमध्ये लिद्दर, सिंध, ब्रिंगी ही ट्राउटची नावाजलेली पाणी.

कोणी विचारेल, मग आपल्या दूधसागरच्या पाण्यात सोडला तर? नाही जगणार. ट्राउटला साधारण १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं. २० च्या वर गेलं की तो खाणं कमी करतो, २५ च्या आसपास मरायला लागतो. कारण प्राणवायूचं. १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २५ अंशांच्या पाण्यात ८ च्या आसपासच. पाणी जितकं गरम तितका माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि पाण्यात तो कमी असतो. असा दोन्हीकडून मार.

पकडून सोडायचा कशाला?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ.

आपली इसवण एका वेळी लाखो अंडी समुद्रात सोडते. ट्राउटची मादी तिच्या वजनाच्या किलोमागे दीड-दोन हजारच अंडी घालते. डोंगरातल्या ओढ्यातली मादी बरेचदा पाव-अर्धा किलोची, म्हणजे अंडी काही शेकडा. ती शेपटीने बारीक खडीत खड्डा करते, अंडी घालते आणि वर खडी लोटते. १० अंशांच्या पाण्यात अंडी फुटायला सुमारे ४० दिवस, ५ अंशांत साधारण ८० दिवस. एवढे दिवस खडीतून स्वच्छ पाणी वाहत राहिलं पाहिजे. वरून माती येऊन बसली की अंडी गुदमरली.

आणि जागा किती? ओढा दहा पावलं रुंद. एखाद्या डोहात मोठे मासे मोजून दोन-चार. एका गावातल्या चार पोरांनी ठरवलं तर पंधरा दिवसांत कोस-दीड कोस नदी रिकामी होईल. समुद्रात आपल्याला वाटतं की मागून मासा येतच राहणार. ओढ्यात ही समजूत चालत नाही, तिथे संपलेलं डोळ्यांना दिसतं.

म्हणून सोडायचं. पण सोडायचीही रीत आहे, नाहीतर सोडलेला मासा तासाभराने मरतो:

- गरीची आतली काटेरी जीभ पक्कडीने दाबून टाकायची, म्हणजे गरी चटकन निघते.
- मासा दमवत बसायचा नाही, लवकर जवळ घ्यायचा.
- हात आधी ओले करायचे. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तो थर म्हणजे त्याचं रोगापासूनचं कवच.
- कल्ल्यात बोटं घालायची नाहीत, पोट दाबायचं नाही.
- फोटो काढायचा तर काही सेकंदांत, बाकी वेळ मासा पाण्यातच.
- सोडताना तोंड प्रवाहाकडे धरायचं. तो स्वतः जोर लावून निघाला की हात सोडायचा.
- गरी खोल गिळली असेल तर ओढायची नाही, तंगूस तोंडाजवळ कापायचा.

आपल्याकडे गरीला लहान तांबोशी, लहान गोबरो लागतो तेव्हा हेच करता येतं. यातल्या कुठल्याच गोष्टीला पैसा लागत नाही.

नियम कसे आहेत?

तिथे कोणीही उठून नदीत उतरू शकत नाही. मत्स्य खात्याचा परवाना लागतो, तोही काठीमागे आणि दिवसाच्या हिशोबाने. काश्मीरमध्ये नदीचे पट्टे पाडलेत आणि एका पट्ट्यात दिवसाला ठराविक काठ्याच. काही पट्ट्यांत फक्त फ्लाय चालते, दुसरं आमिष नाही. किती मासे न्यायचे याला मर्यादा आहे आणि लहान मासा सोडावाच लागतो. जाळं, सुरुंग, विजेचा धक्का, विष हे सगळं गुन्हा.

आणि बंदी त्यांनाही आहे. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद, कारण तो ट्राउटच्या अंड्यांचा आणि पिल्लांचा काळ. आपली १ जून ते ३१ जुलैची ६१ दिवसांची बंदी काय, आणि ही चार महिन्यांची काय, मागचा विचार एकच. माशाला वीण घालायला वेळ द्या.

पैसा कुठून येतो?

सोडून दिलेल्या माशाचा पैसा कोणाला मिळतो? हिशोब साधा आहे. अर्धा किलोचा मासा बाजारात विकला तर एकदाच पैसे मिळतात, तेही अर्ध्या किलोचे. तोच मासा नदीत राहिला तर त्याच्या आशेने माणूस लांबून येतो. परवाना काढतो, गावात राहतो, जेवतो, टॅक्सी करतो, नदीची माहिती असलेला गाववाला सोबत घेतो. पुढच्या वर्षी पुन्हा येतो. तिथे विकतात तो मासा नाही, मासा लागेल या आशेवरचा दिवस विकतात. आणि हा दिवस नदीत मासा असेपर्यंतच विकता येतो.

मग पाहुण्याच्या ताटात ट्राउट येतो तो कुठला? तो शेतीतला. नदीत मुख्यतः ब्राऊन, शेतीत रेनबो. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी सिमेंटच्या लांब टाक्यांतून सतत वाहतं ठेवतात आणि त्यात मासा वाढवतात. पाव किलोच्या वर जायला साधारण वर्ष-दीड वर्ष लागतं. हिमाचलात पतलीकुहलच्या सरकारी केंद्राला नॉर्वेची मदत झाली, काश्मीरमध्ये कोकरनागला युरोपची. तिथून बीज आणि खाद्य मिळाल्यावर गावोगावची कुटुंबं यात उतरली. विकायला टाकीतला मासा आहे, म्हणून नदीतल्या माशावर भार कमी पडतो.

त्यामुळेच नदीवर संकट आलं की तिथला माणूस उभा राहतो. तीर्थन खोऱ्यात छोटे जलविद्युत प्रकल्प येणार होते. पाणी बोगद्यात गेलं असतं आणि नदीत दगड उरले असते. बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब आणि गावकरी त्याविरुद्ध लढले, कोर्टात गेले, आणि तीर्थन मोकळी राहिली. रेती आणि भरावामुळे आपल्या नद्यांचं काय झालं हे बघणाऱ्यांना या लढ्याची किंमत वेगळी सांगायला नको.

दुसरी बाजूही सांगायला हवी

नुसतं गोड चित्र दाखवणं बरोबर नाही. ब्राऊन आणि रेनबो हे दोन्ही ट्राउट जगातल्या १०० सर्वात घातक परक्या जातींच्या यादीत आहेत. ही यादी निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, म्हणजे आययूसीएनची आहे. हिमालयाच्या नद्यांत आधीपासून असेला नावाचा स्थानिक मासा आहे. ट्राउट त्याची पिल्लं खातो आणि त्याच्या जागेवर हक्क सांगतो. साहेबाची हौस झाली, पण आधीच्या रहिवाशाला विचारलं कोणी? शंभर-सव्वाशे वर्षं झाली, आता ट्राउट नदीतून काढताही येत नाही.

हा धडा आपल्या दाराशी आहे. आफ्रिकन मांगूर पाळायला आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे, तरी तो चोरून पाळला जातो. पावसात तळं फुटलं की तो नदीत, आणि तिथून आपल्या गोड्या पाण्याच्या माशांच्या मुळावर. म्हणून हात जोडून विनंती, तळ्यातला, काचेच्या टाकीतला कुठलाही बाहेरचा मासा नदी-ओहोळात सोडू नका. पुण्य म्हणूनही नको.

आणि गरवण्याच्या खेळासाठी परका मासा लागतोच असंही नाही. महसीर हा आपलाच मासा, जगभरचे लोक त्याच्यासाठी भारतात येतात. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात महसीरची पिल्लं तयार करण्याचं काम पन्नासेक वर्षं चालू आहे. आपल्या खाड्यांत चोणक आहे. चोणक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, हे आपल्यातल्या कित्येकांना माहीत नसेल. म्हणजे सगळ्यात मोठा चोणक मारला की बहुतेक वेळा अंडी घालणारी मादीच गेली. हौशी गरवणाऱ्याला होडीने खाडीत नेणारे आपल्यातले जे कोणी आहेत, त्यांनी पाहुण्याला हे सांगावं. मोठा चोणक फोटो काढून सोडला तर तोच मासा पुढच्या पाहुण्यालाही कामाला येईल.

आपण यातून काय घ्यायचं?

आम्ही कोणाला जाळी टाकून काठी घ्यायला सांगत नाही. समुद्रावरचं पोट आणि डोंगरातला छंद एक नव्हे. पण तीन गोष्टी दोन्हीकडे सारख्या आहेत.

१. बंदी म्हणजे सरकारने आपल्यावर केलेला अन्याय नव्हे. तो माशाचा वेळ आहे. बंदीत चोरून जाणारा आपल्याच पुढच्या हंगामातून उचलतो.

२. बारीक आसाच्या जाळ्यात आलेलं पिल्लू खत कारखान्यात किलोच्या भावाने जातं. तेच सहा महिन्यांनी ताटातला मासा झालं असतं.

३. पाणी राहिलं तर मासा राहतो. नदीत माती, कचरा, तेल गेलं तर त्याचा फटका आधी पिल्लांना आणि नंतर आपल्याला.

ओढा लहान आहे म्हणून डोंगरातल्या लोकांना हे लवकर कळलं. समुद्र मोठा आहे म्हणून आपल्याला उशिरा कळतं, एवढाच फरक.

बोटमालकांनी ही माहिती आपल्या खलाशांना वाचून दाखवावी, आणि घरातल्या मुलांनाही. काही विचारायचं असेल तर सोसायटीच्या ऑफिसात सकाळच्या वेळी या, आम्ही असतो. हंगाम सुरू होण्याआधी परवाना आणि विम्याचे कागद तपासून घ्या.

दर्या सांभाळो सगळ्यांना.

– सचिव, आपल्या सोसायटीच्या वतीने